नावे अनेक, रुग्ण एक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल विश्वस्त मंडळाचा मी ऋणी आहे. मी वैद्य नाही आणि संगणकतज्ज्ञही नाही. बी.कॉम. होऊन वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो आणि चाळीस वर्षे तागे, मीटरपट्टी व खतावणी यांतच माझे आयुष्य गेले. अशा माणसाने रुग्णांची ओळख पटविणाऱ्या संगणक प्रणालीवर का बोलावे, हा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. गेल्या वर्षी विश्वस्त मंडळाने आपला दवाखाना, नेत्रकेंद्र व प्रयोगशाळा या तिन्ही ठिकाणच्या नोंदी संगणकावर घेण्यासाठी एक समिती नेमली. समितीत दोन डॉक्टर आणि हिशेब पाहण्यासाठी मी. पुण्यात संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या पुतणीने या विषयाची वाट दाखविली. हिशेबापुरता गेलेला मी त्यात गुंतत गेलो, कारण हा प्रश्न माझ्या घरी फार पूर्वीच येऊन गेलेला होता.

प्रथम दुकानातील अनुभव सांगतो. व्यापाऱ्याच्या खतावणीत दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली चूक म्हणजे एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती पडतात. समजा, एक खाते 'बी. ए. पाटील' या नावाने आणि दुसरे 'बाळासाहेब अण्णा पाटील' या नावाने. उधारी एका पानावर, जमा दुसऱ्या पानावर. आणि दिवाळीच्या सुमारास आपण त्या भल्या माणसाकडे फिटलेल्या पैशांची मागणी करतो. दुसरी चूक म्हणजे दोन निराळ्या पाटलांचे व्यवहार एकाच खात्यावर चढतात. एकाने नेलेले लुगडे दुसऱ्याच्या नावे पडते. पहिल्या चुकीने ओशाळावे लागते, दुसरीने भांडण होते. तथापि दुकानातील या दोन्ही चुका हात जोडले की मिटतात. दवाखान्यात त्या मिटत नाहीत.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, सोळा वर्षांची असताना तिला सल्फा वर्गातील गोळ्यांची बाधा झाली. अंगभर पुरळ उठले, तोंड आतून सोलले. डॉक्टरांनी केसपेपरवर लाल शाईने 'सल्फा देऊ नये' असे लिहून ठेवले. पुढे तिचे लग्न झाले. आपल्याकडील रीतीप्रमाणे सासरी तिचे नाव बदलले, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव आले, आडनावही नवे आले. १९९२ साली ती माहेरी आली असता तिला ताप भरला. आम्ही तिला पूर्वीच्याच रुग्णालयात नेले. सासरच्या नावाने नवा केसपेपर निघाला. 'मला एक गोळी सोसत नाही' एवढेच ती ग्लानीत सांगत होती; गोळी कोणती, ते तिला सांगता येईना. लघवीच्या विकारावर त्या काळी सर्रास दिली जाणारी सल्फायुक्त गोळी तिला देण्यात आली. तिसऱ्या दिवशी तिची कातडी सुटू लागली. एकोणीस दिवस ती मृत्यूशी झुंजली. डॉक्टर व परिचारिकांनी जिवाचे रान केले, म्हणून ती वाचली. डोळ्यांवर मात्र परिणाम राहिला. आजही तिला दिवसातून अनेकदा डोळ्यांत थेंब घालावे लागतात.

औषध देणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर आलेला कागद कोरा होता. लाल शाईतील ती ओळ त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावरील नोंदींच्या खोलीत, दुसऱ्या नावाखाली पडून होती. खतावणीच्या भाषेत सांगायचे तर एकाच व्यक्तीची दोन खाती पडली होती आणि त्यांचा मेळ घालणारे कोणी नव्हते.

ही अडचण आपल्याच गावची आहे असे समजू नये. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ह्यूस्टन शहर ज्या परगण्यात येते, तेथील सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेच्या नोंदींविषयीची माहिती २०११ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. 'मारिया गार्सिया' या एकाच नावाच्या २,४८८ रुग्ण त्या नोंदींत होत्या आणि त्यांपैकी २३१ जणींची जन्मतारीखही दुसऱ्या एखाद्या मारिया गार्सियाशी जुळत होती. आपल्या तालुक्यातील पाटील, चौगुले, शहा यांची यादी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या आकड्यांचे आश्चर्य वाटणार नाही.

यावर आपण म्हणाल की, प्रत्येकाला एक क्रमांक दिला म्हणजे झाले. क्रमांकाचे महत्त्व मी नाकारत नाही. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेचा दहा अंकी क्रमांक असतो आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या नऊ अंकांवरून गणिताने काढलेला असतो. लिहिताना एक अंक चुकला तर यंत्र तत्काळ सांगते. शाळेत आपण गुणाकाराचा नवाचा ताळा पाहत होतो, त्याच जातीची ही युक्ती. आपल्या देशातही २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ झाला आणि चौदा अंकी 'आभा' क्रमांक आला. तो घेणे ऐच्छिक आहे. आपण सर्वांनी तो समजून-उमजून घ्यावा, असेच मी म्हणेन. परंतु क्रमांक विसरलेला वृद्ध, बेशुद्धावस्थेत आणलेला अपघातग्रस्त, नुकतेच जन्मलेले बाळ, आणि क्रमांक येण्यापूर्वीचे पन्नास वर्षांचे केसपेपर, यांचे काय करावयाचे? क्रमांक असला तरी तो योग्य माणसाच्या योग्य कागदाला चिकटविण्याचे काम शिल्लक राहतेच. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यात प्रत्येकाला आरोग्य क्रमांक देण्याची तरतूद होती. परंतु खाजगी माहिती उघडी पडेल या भीतीने तेथील संसदेने १९९८ मध्ये त्यासाठी सरकारी निधी वापरण्यास मनाई केली. त्यामुळे नाव, जन्मतारीख, पत्ता अशा साध्या माहितीवरून माणूस ओळखण्याचे शास्त्र तेथे अधिकच आवश्यक ठरले.

या शास्त्राचा इतिहास मला मोठा रंजक वाटला. १९४६ साली अमेरिकेतील जन्म-मृत्यू नोंदणीचे अधिकारी हॅलबर्ट डन यांनी एक लेख लिहिला. प्रत्येक माणसाचा जीवनग्रंथ जन्माच्या नोंदीने सुरू होतो आणि मृत्यूच्या नोंदीने संपतो; मधली पाने निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेली असतात, ती एकत्र बांधली पाहिजेत, असा त्यांचा आशय होता. १९५९ साली कॅनडातील आनुवंशशास्त्रज्ञ हॉवर्ड न्यूकोम्ब व त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्माच्या व विवाहाच्या नोंदी संगणकाच्या साहाय्याने जुळवून दाखविल्या. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, कॅनडाच्याच सांख्यिकी खात्यातील इव्हान फेलेगी आणि अॅलन संटर यांनी या जुळणीचे गणित पक्क्या पायावर उभे केले. आजच्या बहुतेक प्रणालींमागे त्यांचाच विचार आहे.

तो विचार व्यापाऱ्याला समजण्याजोगा आहे, कारण तो वजनाचा विचार आहे. दोन केसपेपर एकाच माणसाचे आहेत की नाहीत, हे ठरविताना प्रत्येक माहितीला सारखे वजन द्यावयाचे नाही. दोन परक्या माणसांत पुरुष किंवा स्त्री ही नोंद योगायोगाने जुळण्याची शक्यता दोनांत एक असते. म्हणून ती जुळली तर पुरावा जेमतेम दुप्पट होतो. जन्माचा दिवस व महिना योगायोगाने जुळण्याची शक्यता सुमारे ३६५ मध्ये एक. म्हणून तो जुळला तर पुरावा कित्येक पटींनी वाढतो. गावात जे आडनाव घरोघरी आहे ते जुळल्याचे वजन थोडे, विरळ आडनावाचे अधिक. न जुळण्यालाही वजन असते. लोक मोबाइल क्रमांक बदलतात, एका घरात सर्वांचा मिळून एकच असतो, म्हणून तो जुळला नाही तरी फारसे बिघडत नाही. आईचे नाव जुळले नाही तर मात्र थांबून विचार करावा लागतो. अशी सर्व वजने एकत्र केली की तराजूचा काटा कोणीकडे झुकतो ते कळते.

आता आपल्या भागातील एक गोष्ट लक्षात घ्या. या सभागृहातील साठीच्या पुढील किती जणांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे? हसू नका, माझ्या स्वतःच्या दाखल्यावरही १ जूनच आहे! शाळेत नाव घालताना वडिलांना तारीख आठवली नाही, गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली. जन्मतारखेचे भारी वजन परदेशात योग्य असेलही. आपल्याकडे १ जूनला तेच वजन दिले, तर तालुक्यातील निम्मे वृद्ध एकमेकांच्या खात्यावर चढतील. समजा, एखाद्या गावी दहांत एका वृद्धाची तारीख १ जून असेल, तर तेथे ती जुळल्याने पुरावा ३६५ पटींनी वाढत नाही, दहा पटींनीच वाढतो. म्हणजे वजने आपल्या गावच्या तराजूवर ठरली पाहिजेत.

नावांच्या लेखनाचीही हीच कथा आहे. 'चौगुले' हे आडनाव इंग्रजीत लिहिताना कोणी सी-एच-ओ-यू लिहितो, कोणी सी-एच-ए-यू, तर कोणी सी-एच-ओ-डब्ल्यू. यंत्राला ही तीन निराळी कुळे वाटतात. यावर रॉबर्ट रसेल या अमेरिकन गृहस्थाने १९१८ साली 'साउंडेक्स' नावाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. नावाचे पहिले अक्षर ठेवावयाचे, स्वर गाळावयाचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यावयाचा. या पद्धतीत चौगुल्यांच्या तिन्ही लेखनांचा संकेत एकच येतो, सी २४०. श्रीपाल हे नाव कसेही लिहिले तरी एस ६१४ येते. परंतु पहिले अक्षरच बदलले तर ही पद्धत फसते. एक झवेरी आपले आडनाव झेड अक्षराने लिहितात आणि त्यांचेच चुलत बंधू जे अक्षराने. साउंडेक्स त्यांना भाऊ मानत नाही. अशा वेळी दोन नावांत किती अक्षरांचा फरक आहे, हे मोजणाऱ्या अन्य पद्धती वापराव्या लागतात, आणि मराठी नावांसाठी मराठी उच्चार जाणणारी पद्धत बसवावी लागते.

शिवाय प्रत्येक कागदाची प्रत्येक कागदाशी तुलना करणे परवडत नाही. दहा हजार केसपेपर असतील तर सुमारे पाच कोटी जोड्या होतात. म्हणून आपण पाटलांचे खाते जसे पाटलांच्या पानांतच शोधतो, तसे यंत्रही आधी आडनावाचा उच्चार किंवा जन्मवर्ष यांवरून गठ्ठे पाडते आणि गठ्ठ्याच्या आत तुलना करते. विवाहाने आडनाव बदललेल्या स्त्रिया अशा एकाच गठ्ठ्यावर विसंबल्यास निसटतात. म्हणून आईचे नाव, माहेरचे नाव, जन्मवर्ष व गाव यांवरूनही गठ्ठे पाडावे लागतात. हे वाचत असताना मला वारंवार आक्का आठवत होती.

फेलेगी आणि संटर यांच्या विचारातील मला सर्वांत भावलेला भाग पुढेच आहे. त्यांनी निकालाचे दोन भाग केले नाहीत, तीन केले. निश्चित जुळणारे, निश्चित न जुळणारे आणि संशयित. जेथे काटा मध्ये थांबतो, तेथे यंत्राने निर्णय घ्यावयाचा नाही. ती जोडी माणसापुढे ठेवावयाची. चांगल्या प्रणालीत दुसरीही एक शिस्त असते. दोन नोंदी एकाच माणसाच्या ठरल्या तरी मूळ कागद पुसले जात नाहीत. त्यांना एका धाग्याने बांधले जाते. पुढे चूक लक्षात आली तर धागा सोडता येतो. माझे वडील म्हणत, 'चुकलेली रक्कम खोडावी, पण पान फाडू नये.' त्यामागेही हाच व्यवहार होता. दोन निराळ्या माणसांचे कागद एकत्र होणे ही अधिक धोक्याची चूक आहे. कारण कोरा कागद पाहून डॉक्टर निदान प्रश्न तरी विचारतात, दुसऱ्याच्या आजाराने भरलेला कागद पाहून मात्र ते निर्धास्त होतात.

आता मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स, प्रणालीविषयी सांगतो. अशा प्रणालीची घडण, तिच्या आतील सूचना, कोणालाही वाचता येतात, तपासता येतात व आपल्या गरजेप्रमाणे बदलता येतात. २००४ साली अमेरिकेतील रिजेनस्ट्रीफ संस्था व पार्टनर्स इन हेल्थ यांच्या सहकार्यातून 'ओपनएमआरएस' ही रुग्णनोंदींची मुक्त प्रणाली आकारास येऊ लागली आणि २००६ मध्ये केनियातील एल्डोरेट येथे एचआयव्ही रुग्णांच्या सेवेत प्रथम वापरात आली. तिला पुढे रुग्ण जुळविण्याचा एक स्वतंत्र भागही जोडण्यात आला. रवांडा देशात रवामागाना जिल्ह्यातील आरोग्यकेंद्रे जोडताना 'ओपनईएमपीआय' ही मुक्त प्रणाली ओळखीची मध्यवर्ती वही म्हणून वापरण्यात आली. गरोदर स्त्रीची तपासणी एका केंद्रात झाली आणि ती बाळंतपणाला दुसऱ्या केंद्रात गेली, तरी तिचा पूर्ववृत्तांत तेथे मिळावा, असा त्या योजनेचा हेतू होता. अलीकडे इंट्राहेल्थ इंटरनॅशनल या संस्थेने घडविलेली 'ओपनसीआर' ही त्याच कुळातील प्रणाली आहे. ती रुग्णाचा आजार सांभाळत नाही. दवाखान्यातील अमुक क्रमांक, नेत्रकेंद्रातील तमुक क्रमांक आणि प्रयोगशाळेतील आणखी एक क्रमांक हे एकाच माणसाचे आहेत, एवढेच ती सांगते. संदेशांसाठी ती 'फायर' हे आंतरराष्ट्रीय मानक वापरते. आपल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही तेच स्वीकारले आहे.

भारतातील उदाहरण हवे असेल तर छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारीचे देता येईल. तेथील जन स्वास्थ्य सहयोग या सेवाभावी संस्थेच्या ग्रामीण रुग्णालयात थॉटवर्क्स कंपनीच्या साहाय्याने 'बाह्मनी' ही मुक्त रुग्णालय प्रणाली घडली. तिच्या पोटात ओपनएमआरएसच आहे. नोंदणीच्या वेळी रुग्णाचे छायाचित्र घेण्याची सोय तिच्यात आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा रुग्णांच्या बाबतीत चेहरा हाच मोठा पुरावा असतो.

समितीपुढे एका विक्रेत्याने आपली बंदिस्त प्रणाली दाखविली. पडद्यावर ती देखणी होती. दोन रुग्ण एकच आहेत हे आपली प्रणाली कशावरून ठरविते, असे आम्ही विचारले. 'ते आमचे व्यावसायिक गुपित आहे,' असे उत्तर मिळाले. १ जूनचे वजन कमी करता येईल का, यावर 'तशी सोय नाही' असे सांगण्यात आले. मी त्यांना म्हणालो, 'माझ्या दुकानातील मीटरपट्टीवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. ठरावीक मुदतीने ती पडताळून घ्यावी लागते आणि शंका आली तर कोणतेही गिऱ्हाईक ती हातात घेऊन पाहू शकते. अडीच मीटरच्या कापडाला जी शिस्त, ती माणसाच्या जिवाला नको का?' मुक्तस्रोत प्रणालीचे मोल माझ्या दृष्टीने येथे आहे. तिचे माप आपल्याला पाहता येते.

मात्र दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. मुक्त म्हणजे फुकट, हा पहिला. परवान्याचे पैसे पडत नाहीत हे खरे. परंतु संगणक, विजेची पर्यायी सोय, देखभाल करणारा जाणकार, कर्मचाऱ्यांचे शिक्षण आणि दररोजची सुरक्षित प्रत, यांचा खर्च दरवर्षी येतो. दुसरा गैरसमज अधिक गंभीर आहे. प्रणाली मुक्त म्हणजे आपले आजार चव्हाट्यावर, असे काही वडीलधाऱ्यांना वाटते. मुक्त असते ती प्रणालीची रचना; रुग्णांची माहिती नव्हे. तिजोरीच्या कुलपाची रचना कारागिरांना ठाऊक असली तरी किल्ली मालकाकडेच राहते. ती किल्ली जपण्याची जबाबदारी मात्र आपली आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तिला कायद्याचे रूप दिले आहे. म्हणून समितीने ठरविले की, ओळखीसाठी जेवढी माहिती लागते तेवढीच घ्यावयाची, कोणी कोणता कागद उघडला याची नोंद ठेवावयाची, आणि माहिती देण्यास नकार देणाऱ्याला उपचार नाकारावयाचे नाहीत.

या वर्षी चार-पाच रविवार आम्ही तिघांनी दवाखान्यातील एका कपाटाचे केसपेपर काढून हाताने जुळणी करून पाहिली. दोन कागद असे निघाले की नाव एक, गाव एक, वडिलांचे नाव एक आणि दोघांचीही जन्मतारीख १ जून. आम्ही तिघेही म्हणालो, हा एकच माणूस. इतक्यात आमचे कंपाउंडर अण्णा चहा घेऊन आले. त्यांनी कागद पाहिले आणि म्हणाले, 'नाही हो शेठ, हे दोघे चुलत चुलत भाऊ. वडिलांची नावे सारखी, पण एकाची आई हुपरीची आणि दुसऱ्याची बेळगावची. एकाला साखरेचा आजार आहे, दुसऱ्याला नाही.' आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. साखर उतरविणारे औषध दुसऱ्याच्या हाती गेले असते तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी सांगण्याची गरज नव्हती.

मित्रहो, त्या दिवशी मला कळले की, आपल्या दवाखान्यात रुग्ण ओळखण्याची व्यवस्था आजवर होती आणि ती उत्तम होती. तिचे नाव अण्णा. कोणाची आई कोणत्या गावची, कोण लग्न होऊन कोठे गेली, कोणाला कोणते औषध सोसत नाही, हे सारे त्यांच्या स्मरणात आहे. येत्या मार्चअखेर अण्णा निवृत्त होत आहेत. त्यांच्याबरोबर ती व्यवस्थाही दवाखान्याचा उंबरठा ओलांडून जाईल. कोणतीही संगणक प्रणाली अण्णांची जागा घेईल, असे मी म्हणत नाही. परंतु अण्णांना जे ठाऊक आहे ते त्यांच्या उपस्थितीतच नोंदविले गेले पाहिजे आणि संशयित जोड्या सोडविण्यास त्यांनी निवृत्तीनंतरही आठवड्यातून एक दिवस यावे, अशी विनंती समितीने त्यांना केली आहे. त्यांनी ती मान्य केली, याबद्दल मी सर्वांच्या वतीने त्यांचे आभार मानतो.

समितीने दवाखान्यासाठी बाह्मनी आणि तिन्ही विभाग जोडण्यासाठी ओपनसीआर यांची शिफारस विश्वस्त मंडळाकडे केली आहे. पहिले वर्ष चाचणीचे राहील व त्या काळात कागदी केसपेपर बंद होणार नाहीत. तथापि प्रणाली कितीही चांगली असली तरी तिच्यात जे लिहू तेच ती जुळविणार. म्हणून आपणा सर्वांना माझ्या काही विनंत्या आहेत.

नोंदणीच्या खिडकीवर आपले पूर्ण नाव सांगा. भगिनींनी माहेरचे नाव व आईचे नावही अवश्य सांगावे. जन्मतारीख निश्चित ठाऊक नसेल तर 'अंदाजे' असे स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा नाही. जुने कागद फेकू नका, घेऊन या. केसपेपरचे चार पैसे वाचावेत म्हणून शेजाऱ्याच्या किंवा जावेच्या केसपेपरवर औषध नेण्याची सवय कृपया सोडा. त्या कागदावर आपला आजार तिच्या नावे जमा होतो आणि कधीतरी तिच्याकडून वसूल होतो.

युवक मंडळाने सुटीत जुने केसपेपर संगणकावर चढविण्याचे काम अंगावर घ्यावे. दोघांनी स्वतंत्रपणे एकच कागद नोंदवावा आणि फरक पडेल तेथे मूळ कागद पाहावा. कीर्द आणि खतावणी पडताळण्याची आपली जुनी रीत हीच आहे. दानशूर बंधूंनाही एक सांगावेसे वाटते. यंत्र दिले की त्यावर नावाची पाटी लागते, देखभालीच्या खर्चावर लागत नाही. पण देखभालीवाचून यंत्र तीन वर्षांत धूळ खाते. पुढील पाच वर्षांची देखभाल कोणी उचलली तर ते दान कोणत्याही पाटीहून मोठे ठरेल. माझ्या दुकानाच्या वतीने पहिल्या वर्षाचा वाटा मी आज विश्वस्त मंडळाकडे नम्रपणे सुपूर्द करीत आहे.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी एका खोलीत हा दवाखाना सुरू केला, तेव्हा येणारा प्रत्येक रुग्ण त्यांच्या ओळखीचा होता. आज आसपासच्या खेड्यांतून सर्व जातिधर्मांचे रुग्ण येतात आणि त्यांतील बहुतेकांना आपण ओळखत नाही. ओळखीच्या माणसाची जशी काळजी घेतली जात होती, तशीच अनोळखी माणसाचीही घेतली जावी, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

आक्का आज या सभागृहात पहिल्या रांगेत बसली आहे. गेल्या महिन्यात चाचणीसाठी पहिली नोंद तिचीच केली. सासरचे नाव लिहिले, माहेरचे नाव लिहिले, आईचे नाव लिहिले, आणि त्याखाली 'सल्फा देऊ नये' ही ओळ घातली. मग माझ्या पुतणीने केवळ माहेरचे नाव टाकून शोध घेतला, तेव्हा पडद्यावर आक्काचे छायाचित्र आणि ती ओळ उमटली. आक्का बराच वेळ पडद्याकडे पाहत होती. मग म्हणाली, 'आता शाई लाल करता येते का बघ.' ती सोय आम्ही करून घेतली आहे.